फळीमागचा जोडीदार

सोमवार, ३ मार्च

आजपासून रोजनिशी. वही बायकोने दिली. तिचं म्हणणं, फोनवर मी नुसता 'हं, हं' करतो, त्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं. तेव्हा दिवसभरात काय झालं ते इथे लिहायचं, आणि घरी गेलो की ती सगळं एका बैठकीत वाचणार. तर बाईसाहेब, वाचा.

नोकरी मिळाली. मिळाली म्हणजे काय, गळ्यातच पडली. फाटकातून आत आलो तर यार्डात ट्रक ओळीने उभे, धुतलेले, टाक्या भरलेल्या, आणि चालवायला माणूस नाही. मी ड्रायव्हर आहे असं म्हटल्यावर मुकादमाला आकाश ठेंगणं झालं. लायसन्स नीट पाहिलंसुद्धा नाही. त्याने मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि निळी फ्रीजरवाली गाडी माझ्या हवाली केली. हिला आजवर कधी उशीर झालेला नाही, असं तो दोनतीनदा म्हणाला.

यार्डात एक खानावळ आहे. ती चालवणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणतात. मी नवा म्हणून त्यांनी एक अंडं जास्त वाढलं आणि कुठली गाडी मिळाली विचारलं. निळी म्हटल्यावर धुतलेली पातेली पुन्हा धुवायला लागल्या. माणसं विचित्र असतात. अंडं मात्र छान होतं.

बुधवार, ५ मार्च

गाडी खरंच देखणी आहे. सीटच्या मागे झोपायची बर्थ, गादी बरी, उशी जरा कळकट. सीट आणि बर्थ यांच्यामध्ये कमरेएवढी लाकडी फळी, वर पडदा. पडद्याच्या खिळ्याला एक टोपी टांगलेली आहे. आधीच्या ड्रायव्हरची. त्याला सगळे टोपीवालाच म्हणायचे. एक दिवस तो सामानसुमान इथेच टाकून निघून गेला. मुकादम म्हणाला, आजकालचे ड्रायव्हर असेच, यांना घरची ऊब बरी, रस्ता नको.

ही गाडी खरी दोघांची. एकाने चालवायची, एकाने मागे झोपायचं. मी जोडीदाराचं विचारलं तर मुकादम हसला. कागदावर टोपीवाल्याचं नाव अजून आहे, तेवढा जोडीदार पुरे म्हणाला.

बायकोसाठी खुलासा. आमच्या धंद्यात जोडीदाराला हाक मारत नाहीत. डोळे जळायला लागले की हात मागे न्यायचा आणि फळी दोनदा वाजवायची. आतला 'आलो' म्हणतो, पुढे येतो, आपण मागे जायचं. बास, बाकी बोलणं नाही. एवढी सवय होते की झोपेतसुद्धा फळी वाजली की तोंडातून 'आलो' निघतं. तू न्हाणीघराचं दार वाजवलंस तरी मी 'आलो' म्हणतो आणि तू हसतेस, त्याचं मूळ हे.

रविवार, ९ मार्च

गोठवलेली कोंबडी, मटार, दूध, लोणी. हा माल घेऊन गोदामाच्या फाटकाबाहेर सकाळपासून उभा होतो. रांग हलत नाही. संडास आत आहे, पण तो आतल्यांसाठी. पहारेकऱ्याने बाटलीकडे बोट दाखवलं. मी बिस्किटांवर दिवस काढला आणि पाठीमागे अख्ख्या गावाचं जेवण गारठून पडलेलं. धरण उशाला आणि कोरड घशाला, ते हेच.

माल उतरवून होतो न होतो तोच मुकादमाचा फोन, तसाच पुढे जा.

बायको सांगत होती की घराजवळच्या दुकानात मालाच्या फळ्या रिकाम्या आहेत. पोरीच्या दुधासाठी ती सकाळभर रांगेत होती. धाकटा भाऊ ज्या बेकरीत आहे तिथे पीठच पोचत नाही, म्हणून मालकाने सगळ्यांना घरी बसवलं. धाकट्याकडे लायसन्स आहे. मी त्याला म्हटलं, ये इकडे. दोघं भाऊ एका गाडीवर, मला खराखुरा जोडीदार मिळेल. तो एका पायावर तयार झाला. फार बरं वाटलं. धाकट्याला मी खांद्यावर बसवून हिंडवलंय.

शुक्रवार, १४ मार्च

आज एक गंमत झाली. गंमतच म्हणायची.

तिसरी खेप, मध्ये झोप नाही. भर दुपार, सरळ रस्ता, दोन्ही बाजूला नुसती कापलेली शेतं. डोळे मिटत होते. सवयीने हात मागे गेला आणि मी फळी वाजवली. मग स्वतःशीच हसलो, वेड्या, मागे कोण आहे?

मागून कोणीतरी 'आलो' म्हणालं.

मी घाबरायला हवं होतं. पण इतका दमलो होतो की घाबरायलासुद्धा अंगात जोर लागतो हे कळलं. सीट सोडली, मागे सरकलो, आडवा झालो. गादी कोमट होती. जाग आली तेव्हा गाडी गोदामाच्या फाटकाशी सरळ रेषेत उभी, हँडब्रेक ओढलेला. आरसा माझ्यापेक्षा बुटक्या माणसाला दिसेल असा वळवलेला. माल वेळेत उतरला. झोप झाली, एवढंच वाटलं.

मंगळवार, १८ मार्च

रोज फळी वाजवतो. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. मुकादम म्हणाला, असा ड्रायव्हर पाहिला नाही, आणि आणखी एक खेप दिली.

धाकट्याला फोनवर सगळं सांगितलं. गाडी गुणाची आहे, दमलास की फळी वाजवायची आणि झोपायचं, कसली काळजी नाही. तो म्हणाला, दादा, थापा मारू नकोस. मी म्हटलं, पोरीची शपथ, वाजवून तर बघ. पहिल्या तारखेला येतो म्हणालाय.

डबा आज तसाच राहिला. कालचाही. भूक लागत नाही.

शनिवार, २२ मार्च

मावशींनी हात धरून बसवलं आणि फळी वाजवलीस का, असं थेट विचारलं. हो म्हटलं. त्यांनी खानावळीचं दार लोटून घेतलं.

त्यांनी सांगितलं ते असं. या गाडीवर पूर्वी एक जोडी होती. त्यातला वयाने मोठा एकदा मागे झोपला तो झोपेतच गेला. किती दिवस नीट झोप नव्हती त्याला. पुढचा फळी वाजवतोय, उत्तर नाही. पुन्हा वाजवतोय. दुपारपर्यंत त्याला कळून चुकलं. पण गाडीत दूध होतं, संध्याकाळी फाटक बंद होणार होतं, आणि मुकादमाने फोनवर सांगितलं की आधी माल पोचव, मग बघू. त्याने आधी माल पोचवला. सगळा रस्ता मागे प्रेत घेऊन.

तेव्हापासून फळीला उत्तर येतं. ज्याची पाळी चुकली तो पाळीला उठतो. त्याला आपली जागा देत गेलं की एक दिवस तो कायमचा उतरून जातो आणि देणारा मागे राहतो. मग पुढच्याची वाट बघायची. टोपीवाल्यालाही मावशींनी हेच सांगितलं होतं. तो हसला होता.

मी हसलो नाही. रडूही आलं नाही. आणखी एक चहा मागितला. चहाला चव नव्हती, नुसतं गरम पाणी. आरसा बुटक्या माणसाचा का, ते मावशींना विचारलं नाही. टोपीवाला माझ्या खांद्याला लागायचा, हे त्या आपणहूनच म्हणाल्या.

सोमवार, २४ मार्च

मुकादमाकडे दुसरी गाडी मागितली. तो म्हणाला, देतो, पण ही खेप मारून ये. लोकांच्या दुकानात खायला नाही आणि तुम्हाला गाड्यांच्या आवडीनिवडी. बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता, माझ्या जरा बाजूला बघत होता.

ठरवलं, वाजवायची नाहीच. उजवा हात टॉवेलने स्टिअरिंगला बांधला. गिअरवरच्या डाव्या हाताला सक्त ताकीद दिली.

धाकट्याला फोन केला. येऊ नकोस, ऐकलंस का, येऊ नकोस. तो पलीकडून हॅलो, हॅलो करत राहिला. दादा, नुसता इंजिनाचा आवाज येतोय, म्हणाला. मी तर ओरडत होतो.

बुधवार, २६

टॉवेल सोडलेला सापडला. मी बर्थवर. माल पोचलेला.

कधी वाजवली, आठवत नाही. मनाला काहीच झालं नाही. व्हायला हवं होतं, एवढं कळतं. पाय झोपेत मुंग्या याव्यात तसे झालेत, पण मुंग्याही नाहीत.

गुरुवार असावा

उठता येत नाही. पडदा बोटभर सरकतो, तेवढंच.

पुढे तो बसलाय. टोपी घातलेली. मान वळवत नाही. मी आतून फळी वाजवली. खूप वाजवली. काही नाही. पुढच्याने वाजवली तरच चालतं बहुतेक—

वही उशीखाली होती. बरं झालं.

तारीख माहीत नाही

गाडी यार्डात. दार उघडलं, तो उतरला. खिळ्यावर टोपी नाही.

फटीतून खानावळ दिसते. तो जेवतोय. दोन्ही हातांनी. मावशी उभ्या आहेत, तोंडाला पदर लावून, वाढतायत, वाढतायत. तो रडतोय की हसतोय, कळत नाही. मला त्याचा राग आला नाही. मीही असाच जेवेन, कोणीतरी—

नको. कोणीतरी म्हणजे कोण, ते मला माहीत आहे.

नंतर

मुकादम खाली उभा राहून फोनवर बोलतोय. माझ्या बायकोशी. सामान टाकून पळाला म्हणतोय. आजकालचे ड्रायव्हर असेच. तिचा आवाज बारीक येतोय. तो न सांगता जाणारा माणूस नाही, म्हणतेय. पुन्हा पुन्हा तेच म्हणतेय.

इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं. छातीत. फार दुखलं. दुखू दे.

पहिली तारीख असणार

शीळ ओळखली. लहानपणापासून तीच एक, तीही बेसूर.

मुकादमाने त्यालाही खुर्ची दिली. धाकटा म्हणाला, मला दादाची गाडी द्या, त्याच रस्त्यांवर कुठेतरी सापडेल तो. वेडा. मला शोधायला आलाय आणि माझ्यापासून हातभर अंतरावर आरसा सरळ करतोय. मावशी धावत आल्या होत्या. सांगत होत्या. त्यांचं नुसतं अंडं घेतलं त्याने.

मागून त्याच्या कानामागचा तीळ दिसतो.

मी हाक मारतो. आवाज नाही.

नंतर

दुसरी खेप. झोप नाही त्याला. बिस्किटं खातोय. वहिनीशी बोलला, काळजी करू नको, दादाला घेऊनच येतो. फोन ठेवला आणि डोळे पुसले.

तिसरी

मान पडतेय त्याची. दुपार. तोच सरळ रस्ता.

पान फाडलं. मोठ्या अक्षरात लिहिलं, धाकट्या, फळी वाजवू नकोस. फळीखालून सरकवलं. क्लचपाशी पडलं. त्याने पाहिलं नाही. पाय ठेवला त्याच्यावर—

गाडी कडेला जातेय. पुन्हा सरळ केली. पुन्हा—

वाजवली नाही तर झोपेल. झोपला तर पूल आहे पुढे. वाजवली तर—

गाडी थांबव. बाजूला घे आणि झोप रे, माझ्या राजा. माल नासू दे. सगळा नासू दे. फाटक बंद होऊ दे. कोणी मरत नाही एका दिवसात. हे मला कोणी सांगितलं नाही. मीही तुला सांगितलं नाही. मी सांगितलं वाजव—

काहीतरी बोलतोय तो. दादा म्हणाला होता, म्हणतोय. हसतोय.

हात मागे येतोय.

नको

उशीचा कोपरा दातात धरलाय. मी बोलणार नाही. तोंड उघडणार नाही. काही झालं तरी

एकदा

दोनदा

तोंड बंद आहे. बंदच आहे. पण हा हात, पेन्सिल, मी नाही लिहीत, मी नाही

आलो