अक्षरी तीस

प्रिय ठमे,

आठ वर्षांची असताना शाळा सुटली की तू दवाखान्यात यायचीस आणि थेट माझ्या टेबलाखाली शिरायचीस. मी चिठ्ठी लिहिली की खालून हात वर करून ती मागायचीस आणि औषधांची नावं मोठ्याने वाचायचीस. एकदा बाबा आत आले आणि म्हणाले, "तुझ्या आईचं अक्षर इतकं सुवाच्य आहे, की ही खरी डॉक्टर नाही अशी लोकांना शंका येते." तू एवढी हसलीस की टेबलाला डोकं आपटलं. ते अक्षर कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी पट्टी मारून घडवलेलं. मला त्याचा फार गर्व होता. आता ओळी तिरक्या जातायत, तेवढं सांभाळून घे.

दवाखाना मागच्या महिन्यात बंद केला. नर्सबाई रडल्या, वीस वर्षं माझ्याजवळ होत्या. वजनकाटा कुणी नेत नाही, तो अजून दारातच उभा आहे. तुझा धाकटा भाऊ येऊन गेला. तुझा विषय काढला तर चहा अर्धा टाकून उठला. तुझी आत्याही तशीच. सहा वर्षं तुला या घरात कुणी बोलावत नाही. बाप तळमळत असताना पोरीने स्वतःच्या मेडिकल दुकानात औषध असून दिलं नाही, म्हणून. हे वाक्य त्यांच्या तोंडी मीच दिलं, ठमे. पुढचं मी सांगितलंच नाही.

तो शनिवार तुला आठवतोच. बाबांचा कॅन्सर हाडांत उतरलेला, कूसही बदलवत नव्हती. मॉर्फिनच्या गोळ्या सकाळी संपल्या. त्या संपत आल्यात हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, आलं नाही. त्यांच्यावर उपचार करणारे मोठे डॉक्टर परगावी गेलेले. मग मी माझ्याच पॅडवर लिहिलं, गोळ्या ३०, आणि नर्सबाईंना तुझ्या दुकानी पाठवलं. सगळ्यांत कडक यादीतलं, कुलपात ठेवायचं औषध. त्याची संख्या आकड्यात लिहायची आणि अक्षरातही, म्हणजे पुढे शून्य जोडायची कुणाची छाती होत नाही. आणि घरच्या माणसासाठी तर ते आपण लिहायचंच नाही. हे तुला मीच शिकवलं होतं. पण दुकान तुझं, बाप तुझा, अक्षर माझं. मला वाटलं, चालून जाईल.

तू चिठ्ठी परत पाठवलीस आणि लगेच फोन केलास. "आई, ओरडू नकोस, आधी ऐक. वॉर्डातल्या ड्यूटी डॉक्टरांशी बोलले आहे मी. बाबांचे कागद घेऊन कुणालाही पाठव, ते नवीन चिठ्ठी देतायत. गोळ्या आहेत माझ्याकडे, मी दुकान उघडं ठेवते." हॉस्पिटल दहा मिनिटांवर. मी म्हणाले, "कालची पोर तू, मला चिठ्ठी लिहायला शिकवतेस?" आणि फोन आपटला. नंतर तो दोनदा वाजला. मी उचलला नाही. संध्याकाळी तू स्वतःच कागद न्यायला आलीस. मी दाराची साखळीसुद्धा काढली नाही. फटीतूनच सांगितलं, दुखणं उतरलंय, झोपलेत ते. तुला ते खरं वाटलं, कारण मी डॉक्टर होते.

ते जागे होते. आतून त्यांनी विचारलं, "ठमी आली का गं?"

मी म्हणाले, "नाही. तिला वेळ नाही."

सोमवारी मोठे डॉक्टर येतील, एकच दिवस काढायचाय, असं मी स्वतःला समजावत राहिले. तापाच्या गोळ्या देत उशाशी बसले. रविवारी दुपारी ते गेले. त्यांचे आवळलेले दात मला शेवटपर्यंत सोडवता आले नाहीत. तुझ्याबद्दल ते पुन्हा एक शब्द बोलले नाहीत.

हे आज लिहिते, कारण गेल्या आठवड्यात मोठ्या डॉक्टरांनी मलाही तीच गोळी लिहून दिली. ३०, आणि पुढे अक्षरात, तीस. एवढंच. गोळी घेतली की तासाभरात दुखणं उतरतं, आणि तेच मला सोसवत नाही. उद्यापासून मला हॉस्पिटलात ठेवणार आहेत. परत कधी यायचं हे मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. माफी मागत नाही. ज्यांच्याकडे मागायची ते तुझ्यावर रुसून गेले, आणि ते आता कुणालाच दुरुस्त करता येणार नाही.

कामाचं तेवढं सांगते. माझ्यामागे उरलेल्या गोळ्या नर्सबाई मोजून हॉस्पिटलच्या औषधखान्यात परत देतील, पावती तू बघ. पॅडच्या कोऱ्या पानांवर मी रेघा मारल्यात, ती फाडून टाक. स्टेथोस्कोप नर्सबाईंना. बाबांचं घड्याळ तुला. धाकटा मागेल, देऊ नकोस. या पत्राच्या दोन नकला मी हाताने केल्यात, एक धाकट्याला, एक आत्याला. त्या मी गेल्यावर उघडायला म्हणून ठेवलेल्या नाहीत. नर्सबाई आत्ताच घेऊन निघाल्यात, म्हणजे दोघांना जे बोलायचंय ते मी आहे तोवर माझ्या तोंडावर बोलता येईल.

तुझीच, तू म्हणशील तर,
आई