फाट्यावर राहिलेला पाटील

हिंगणघाट, १९५८

माझ्या मायले जंगलूचा जय भीम.

मी खुशाल हाय, दोन्ही टाइम पोटभर जेवून राह्यलो. तुझा खोकला कमी झाला काय? धुरपताले हे पत्र तुले सावकाश वाचून दाखवायले सांगजो.

मंगळवारी आपल्या फाट्यावर मोटार थांबली, तं समोर नथ्थूजी पाटील. त्याच्या सुनेले कळा येत होत्या अन् त्याची बैलांची दमणी चिखलात फसली होती. त्यानं मले हात जोडले. "कंडक्टरसाहेब, दवाखान्यात पोचवा."

त्यानं मले वळखलं नाई. मी वळखलं. बा तापानं फणफणत होता, तेव्हा तू याच दमणीसाठी त्याच्या पायरीखाली उभी होती. "तीस घरांचं गाव, एक माणूस कमी झाला तं काय बिघडते? माझे बैल चिखलात घालू काय?" असं तो म्हणे. मंग बाले खाटेवर घेऊन निघालो, अन् फाटा यायच्या आधीच बा गेला.

मी सुनेले अन् तिच्या सासूले पुढच्या बाकावर बसवलं. पाटील चढाले लागला, तसा दारात हात आडवा घातला.

"मी सुकाजीचा पोरगा. तुम्ही पायी या."

त्यानं मान खाली घातली. मी घंटी वाजवली. मले लय बरं वाटलं, माय, अजूनही वाटते.

सुनेले पोरगी झाली. दोघी चांगल्या हायेत.

पाटील आमच्या डेपोच्या साहेबाकडे माझी तक्रार करायले गेलता म्हणे. नोकरीची काळजी तू करू नको. साहेबानं विचारलं तं मी खरं तेच सांगीन. मोटारीत जागा होती.

तुझा,
जंगलू