रस्त्याची कड

प्रिय भिंगरी,

आईने फोनवर सांगितलंच असेल, की तुझ्या बाबाने साठीला टेकल्यावर सायकल घेतली. हसून घे. ती तर दारात उभी राहून पोट धरधरून हसली, आणि मग गुपचूप माझ्या गुडघ्यांसाठी मलम आणून ठेवलं. तीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस मी. पण पहिल्यांदा एक ट्रक खेटून गेला तेव्हा माझी पाचावर धारण बसली. तिथेच उतरलो आणि सायकल हातात धरून चालत घरी आलो. तेव्हा तुझी फार आठवण झाली. तुझ्या पायाचं प्लास्टर निघून चार महिने झाले, तरी तू कामावर बसनेच जातेस आणि सायकल जिन्याखाली धूळ खातेय, हे मला ठाऊक आहे.

तू नऊ वर्षांची असताना गोदामामागच्या मोकळ्या जागेत मीच तुला सायकल शिकवली. मागून सीट धरून धावायचो आणि एकच धोशा लावायचो, कडेला राहा, आणखी कडेला, ट्रकच्या वाटेत येऊ नकोस. तू इतकी गुणी, की कडेची पांढरी रेघ कधी सोडली नाहीस. मी सगळ्या ड्रायव्हरांपुढे तुझं कौतुक मिरवायचो.

आता कंपनीने मला नव्या ड्रायव्हरांना शिकवायला नेमलंय. पण आधी आम्हा शहाण्यांचीच शाळा झाली. शिकवणाऱ्या बाईंनी मला ट्रकमध्ये बसवलं, भोवती सायकली उभ्या केल्या आणि किती दिसतात ते विचारलं. आरशांत नीट बघून मी ऐटीत दोन म्हणालो. खाली उतरलो तर पाच. उरलेल्या तीन डाव्या दाराला लागून, अगदी कडेला. पुढचं शिक्षण माझ्या कानांत शिरलंच नाही. मी पायरीवर बसून राहिलो. बाईंना वाटलं, ऊन लागलं.

तर आता नवे धडे ऐक. सिग्नलला ट्रकच्या बाजूला शिरायचं नाही, मागेच थांबायचं. त्याच्या आरशात तुला ड्रायव्हरचं तोंड दिसत नसेल, तर त्यालाही तू दिसत नाहीस. उभ्या गाड्यांपासून दार उघडेल एवढं अंतर ठेवायचं. आणि कडेला चिकटायचं नाही, हक्काने थोडं आत चालवायचं. कुणी हॉर्न वाजवला तर वाजवू दे. हॉर्न वाजवणाऱ्याला तू दिसलेली असतेस.

फोनवर मला हे बोलता आलं नसतं, म्हणून लिहितोय. इस्पितळात तू ज्याला त्याला सांगत होतीस, माझंच लक्ष नव्हतं. मीही मान डोलावली, वर तुला चार शब्द सुनावले. बेटा, तुझं लक्ष होतं. तो ट्रक डावीकडे वळला तेव्हा तू त्याच्या डाव्या दाराशी, कडेला होतीस. मी शिकवलं होतं तिथेच. मी तुला माझ्या सोयीचा रस्ता शिकवला. चूक माझी होती, आणि मला तिची फार लाज वाटते. रविवारी सायकल बसच्या टपावर टाकून तुझ्याकडे येतोय. वाटलं तर गल्लीच्या टोकापर्यंत जाऊ, नाहीच वाटलं तर नुसत्या गप्पा मारू. पण निघालो, तर पुढे तू राहा. मी मागे राहीन, म्हणजे मागून येणाऱ्याला आधी मी दिसेन.

तुझाच, चढावर अजून धापा टाकणारा,
बाबा