आप्पांचे दहा शब्द

बेळगाव, ८ जुलै २०२४

ती. सौ. विनोदिनी वहिनी यांस,
सा. न. वि. वि.

आप्पांच्या विसरण्यावर तुमच्या आईंनी खानापूरहून ब्राह्मीचं तूप पाठवलं, ते द्यायला माझी हरकत नाही. पण गुण येतो का, हे मोजून पाहू. दर आठवड्याला मी दहा नवे शब्द बंद पाकिटात पाठवीन. पाकीट रविवारी सकाळीच उघडायचं, शब्द एकदाच वाचायचे आणि दहा मिनिटांनी आप्पांना विचारायचे. किती आठवले ते लिहून कळवा. फोनवर ‘बरं आहे’ याखेरीज काही कळत नाही. डॉक्टरांची वेळ १८ सप्टेंबरची मिळाली आहे.

दादाला नमस्कार.
आपली, शाल्मली

निपाणी, २ सप्टेंबर

चि. शाल्मलीस अनेक आशीर्वाद.

अगं, काल आठ! पहिल्या रविवारी तीनच होते. आई म्हणते, आमच्या बांधावरची ब्राह्मी हाय, तुझ्या लॅबातल्या मशीनला काय कळणार. तुझे दादा म्हणतात, शालीलाच चमचाभर चाटवा, राखीला यायचं विसरली. आप्पा खुशीत आहेत. आता त्यांना डॉक्टरकडं कशाला ओढायचं?

लोभ आहेच, तो वाढव.
तुझी वहिनी

बेळगाव, ५ सप्टेंबर

ती. सौ. वहिनी यांस, सा. न.

तीन, तीन, चार, चार, सहा, सहा, सात, आठ. आलेख काढून टेबलासमोर लावला आहे. मला वाटलं नव्हतं. डॉक्टरांची वेळ रद्द केली. पाकिटं येत राहतील. तुमच्या आईंना सांगा, मशीन हरलं.

आपली, शाल्मली

बेळगाव, १८ नोव्हेंबर

सौ. वहिनी यांस,

शुक्रवारी आप्पा चिकोडीच्या स्टँडवर सापडले. कंडक्टरने त्यांच्या खिशातला नंबर पाहून मला फोन केला. मी पोचले तर पोटच्या मुलीला, मला, ‘बाई’ म्हणाले. परतताना बसमध्ये डोळे मिटून म्हणू लागले: विळा, कंदील, पेरू, टपाल... दहाही, क्रमाने. ती यादी १७ तारखेच्या, रविवारच्या पाकिटातली. शुक्रवारी ती त्यांना ठाऊक असायला नको होती. घराचा पत्ता मात्र सांगता आला नाही.

पाकिटं केव्हापासून आधी उघडत होता, तेवढं कळवा. आप्पा माझ्याकडे आहेत.

शाल्मली

निपाणी, २१ नोव्हेंबर

चि. शालीस आशीर्वाद.

तिसऱ्या आठवड्यापासून. आप्पा म्हणजे कॉपी करणाऱ्या पोरांना वर्गाबाहेर काढणारे मास्तर गं. तीन शब्दांवर अडले की भिंतीकडं तोंड करून बसायचे, ताटाला हात लावायचे न्हाय. त्यांनीच म्हटलं, विनोदिनी, गुरुवारीच सांगत जा, पोरीला कळू देऊ नको. मग मी भाकऱ्या थापता थापता पाठ करून घ्यायची. लई हसायचे. वाटलं, तुपानं गुण येईलच, तोवर ढकलू. तुझ्या दादांना यातलं काही ठाऊक न्हाय.

रागाव, पण बोलणं सोडू नकोस.
तुझी वहिनी

बेळगाव, २ डिसेंबर

सौ. वहिनी यांस,

आप्पांचं रक्त मीच तपासलं. बी-बारा फारच कमी आहे. इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, सप्टेंबरात आणलं असतं तर बरंच परत मिळालं असतं. आता किती मिळेल, सांगता येत नाही. तुपाने काही बिघडलं नाही. त्याचा उपयोग झाला का, हे मात्र आता कधीच कळणार नाही.

काल शब्द मी वाचले. दोन आले. दोनच आले, असं मी त्यांना खरं सांगितलं. आप्पा म्हणाले, तुझ्या वहिनीकडं मला आठ पडायचे, मला निपाणीला सोड. आज सकाळपासून पिशवी भरून दाराशी बसले आहेत. मी त्यांना पाठवणार नाही.

ते तुमच्यावर रागावलेले नाहीत. माझ्यावर आहेत.

लोभाचं आत्ता विचारू नका.
शाल्मली