चुकलेल्या तारखा

प्रिय सूनबाई,

अक्षर ओळीबाहेर जातंय, सांभाळून घे. सातवीपर्यंतची शाळा, त्यात आता डोळ्यांची ही तऱ्हा. तू वेळेवर जेवतेस ना? फोनवर हो म्हणतेस, पण माझा विश्वास बसत नाही.

आपला पोरगा गेल्यावर महिन्याभरात दातांच्या दवाखान्यातून मला संदेश आला होता, ‘आज आला नाहीत. जिवाला घोर लागला. सवडीने या, पण या.’ हातातून फोनच पडला. हे बोलणं आमच्या लेकाचं! मग वाचनालयाचं पुस्तक परत करायचं राहिलं, तर तिथूनही तेच. वाटलं, मला भ्रम झाला. तूच समजावलंस, की तो तुकडा त्याने तुमच्या कंपनीत संगणकासाठी एकदाच लिहिला, अशा कुठेही जोडता येणाऱ्या तुकड्याला ट्रेट म्हणतात. दवाखाना आणि वाचनालय एकमेकांचे कुणी लागत नाहीत, तरी तोच तुकडा दोघांत जोडता येतो. मी शिंपी माणूस, लगेच कळलं. कॉलरच्या मापाचा पुठ्ठा मी एकदाच कापायचो, तोच शर्टाला, तोच झग्याला. तू त्याला चिडवायचीस म्हणे, यंत्राला कसला आलाय घोर? तर तो म्हणायचा, बाबांकडे पोत्याने आहे, त्यातलाच थोडा दिला.

कळलं, पण भीती गेली नाही. संदेश वाजला की खोलीत कुणी उभं आहे असं वाटतं. वाजला नाही की त्याहून वाईट.

परवा तू विचारलंस, नव्या साहेबांना ती ओळ बदलायची आहे, राहू द्या म्हणून भांडू का? मीच फोन ठेवून दिला. तुला वाटलं, फोन कट झाला. खरं ते आता लिहितो. डोळ्यांच्या दवाखान्याच्या चार तारखा मी मुद्दाम चुकवल्या. चपला घालून दाराशी बसायचो, वेळ टळेपर्यंत. संध्याकाळी त्याचे शब्द यायचे. डावा डोळा त्यात गेला. उजव्यासाठी मंगळवारची तारीख आहे. डॉक्टरीणबाई फोनवर ओरडल्या, यानंतर हातात काही राहणार नाही. ती ओळ असेपर्यंत मी जाईन, असा माझा मलाच भरवसा नाही. माझा पुठ्ठा फाटला तरी शिवलेल्या कॉलरी राहायच्या. तुमच्यात एका जागी खोडलं की सगळीकडून जातं. भांडू नकोस. सोमवारी तुझ्याच हाताने खोड, आणि मंगळवारी मला न्यायला ये.

तुझाच,
बाबा