वीतभर पट्टी

४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. अक्षर एवढं मोठं का काढलंय असं विचारू नकोस. घरात हेच एक जाड पेन सापडलं. कागद जास्त लागेल, लागू दे.

इकडे सगळं ठीक. हिची पाठ बरी आहे, जीभही. तुझी लेक फोनवर म्हणाली की तू पहाटे गच्चीत चालतेस. चाल, पण कठड्याला धरून चाल.

आपल्या पोहण्याच्या तलावाचं काम काढलंय. पाण्याच्या रेषेवरच्या टाइल सुटायला लागल्या होत्या. मुलं नखांनी काढायची, पाण्यात टाकायची आणि बुडी मारून वर आणायची. "सर, आणखी एक सापडली!" सापडली कसली, उपटली. शेवटी ठरवलं, ती पट्टी सगळी नवी करायची. पाणी थोडं उतरवलंय. वीतभर रुंदीची पट्टी, अर्धी पाण्यात आणि अर्धी बाहेर. पण तेवढ्यावरून घरात रणधुमाळी चालू आहे.

हिला दगड हवाय. करडा, खडबडीत, जसा खाणीतून निघतो तसा. "तलाव नदीसारखा दिसेल," म्हणते. गवंडी टाइलवर अडून बसलाय. "वहिनी, दगड पाणी पितो. लोकांच्या अंगाचं तेल पितो. वर्षाच्या वर्षाला वरून पाणी अडवणारा सीलर पाजावा लागतो, नाहीतर काळा पडतो." ही म्हणाली, "एवढं पितो म्हणजे तुमच्याच ओळखीतला दिसतोय." त्या दिवसापासून गवंडी तिच्याशी माझ्यामार्फत बोलतो.

माझं मत टाइल. तुझंही तेच असायचं. दगडाने पोरांची बोटं सोलवटतात, शिवाय घासायचा कोणी? शिकवायचीस तू आणि घासायचो मी, त्यामुळे वाद कधी झालाच नाही. टाइलवरून ब्रश फिरवला की क्षारांचा पांढरा थर निघून जातो. मी टाइल निवडूनही आलो होतो. निळी, पाण्याच्याच रंगाची.

ती घरी आणून टेबलावर ठेवली आणि तू इथे शेवटची पोहलीस तो दिवस आठवला.

तू कडेच्या लेनमध्ये उतरली होतीस. एरवी तू मधली सोडत नाहीस. मी म्हटलं, असेल. दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला तू वळलीच नाहीस, सरळ भिंतीवर आलीस. आवाज मला पंपाच्या खोलीत ऐकू आला. मी धावत आलो तर तू कपाळ चोळत हसत होतीस. "ऊन डोळ्यात गेलं रे." मी म्हटलं, "हो ना, फार ऊन आहे." टॉवेल दिला आणि क्लोरीनच्या भावाबद्दल बोलत बसलो.

त्या दिवशी ऊन नव्हतं, ताई. सकाळपासून आभाळ होतं.

त्यानंतर तू पाण्यात उतरली नाहीस. शिकवणं सोडलंस, लेकीकडे राहायला गेलीस. कारण काय, तर गुडघे. पण गुडघे दुखणाऱ्यांना डॉक्टर पाण्यातच पाठवतात. आपल्याकडे सकाळच्या बॅचला तीच तर मंडळी असतात.

मी गवंड्याला थांबायला सांगितलं. मग टाइलचे आणि दगडाचे नमुने दोरीने बांधून कडेच्या लेनला पाण्याच्या पातळीवर सोडले आणि डोळ्यांवर फडकं बांधून पोहलो. पहिल्या फेरीत नाक आपटलं. ही काठावर बसून हसत होती, "या वयात आंधळी कोशिंबीर!" दुसऱ्या फेरीला मात्र तिचं हसणं थांबलं. मी वर आलो तेव्हा तिने नुसतं नाक पुसून दिलं.

टाइल बोटांना पाण्यासारखीच लागते. कळत नाही. दगड कळतो. नुसता ओझरता लागला तरी कळतो.

म्हणून असं योजलंय. चारी बाजूंना टाइल. फक्त कडेच्या लेनच्या भिंतीला, दोन्ही टोकांकडचे शेवटचे चार हात दगड. बोटांना दगड लागला की समोरची भिंत जवळ आली, वळायचं. तो दगड मी घासेन. सवय आहे.

पण चार हात पुरतील का, हे मला सांगता येत नाही. तुझ्या वेगाने मी कधी पोहलोच नाही. ते तुलाच सांगावं लागेल. नको म्हणालीस तर सगळीकडे टाइल लावतो आणि हा विषय पुन्हा काढत नाही. काम तोवर थांबवलंय. मुलं रोज दोन प्रश्न विचारतात, पाणी कधी भरणार आणि बाई कधी येणार. मी दोन्हींना एकच उत्तर देतो, "बघू."

सोबत दगडाचा एक तुकडा आणि एक टाइल पाठवतोय. हात लावून बघ. तुझ्या लेकीला मी काही बोललेलो नाही. ते तुझं तू ठरव.

आणि पेनाचं खोटं आहे. घरात बारीक पेनं पुष्कळ आहेत.

तू दाखवलेल्या भिंतीला हात लावून वळणारा,
धाकटा


१५ नोव्हेंबर

धाकट्या,

ओळी एकमेकींवर चढल्या असतील. लेक लिहून देते म्हणाली, पण मी म्हटलं, त्याला माझ्याच हातचं जाऊ दे. तिला सांगितलंय. आधी रडली, मग माझ्यावर चिडली, मग डॉक्टरांची वेळ घेतली. जाऊन आलो. समोरचं पुसट झालंय ते तसंच राहणार. कडेचं दिसतं, शिकवायला तेवढं पुरे. नवी पोरं काठ धरूनच तर असतात.

ऊन नव्हतं, बरोबर आहे. तू क्लोरीनचे भाव काढलेस तेव्हाच मला कळलं की तुला कळलंय.

दगड बरा आहे. कडा मात्र घासून गोल करून घे. एकाही पोराचं बोट सोललं तर मी तुझी सोलीन. तुझ्या बायकोला म्हणावं, थोडी का होईना, नदी मिळाली. आणि गवंड्याशी आता तिलाच बोलू दे, तू मध्ये पडून दोघांना बिघडवतोस.

चार हात पुरणार नाहीत. सहा लाव.

मी अजूनही जोरात येते.

ताई