थोरली गाडीची, धाकटी आबाची

७ नोव्हेंबर १९५९
सकाळी सगळ्यांची विचारपूस. सौ.चा गुडघा : 'कालच्यापेक्षा बरा', म्हणजे तसाच. म्हैस : चारा खाल्ला. आबाचा घसा : दुखत नाही, पण आवाज नाही. गाडी : बटण दाबलं, नुसतं टक्.
कालच्या दशावतारात कंपनीचा राजा, आबा, उतरला नाही; माझा माइक तेवढा गाडीच्या बॅटरीवर चालवून बघितला. बॅटरी पार बसली. सकाळी सगळ्या कंपनीने, तोंडाला रंग तसाच, देवळापासून उतारापर्यंत गाडी ढकलली. पोरं ओरडत मागून. 'लंकापती धक्को मारता रे!'
कंपनीचे मालक तापले. 'अण्णानू, एक तर माइक, नायतर गाडी. माझे पेटारे फुडच्या गावाक कोण व्हरतलो?'
गाडी नाही तर कंपनी नाही, हे खरं. पण माइक नाही तर आबा नाही. गेल्या जत्रेत मागच्या रांगेतून कुणी ओरडला, 'राजा, तोंड उघड मरे!' आबाने तोंड उघडलंच होतं. राजाच्या कामासाठी मालकांनी दुसरा माणूस हेरून ठेवलाय. आणि आबा? माझा बालमित्र, लहानपणापासून बघतोय, त्याला दुसरं काही येत नाही. स्वतःच्या घरात पाहुण्यासारखा बसतो.
ठरलं. गाडीत दुसरी बॅटरी बसवायची. माइक त्या बॅटरीवर.

९ नोव्हें.
बांद्याच्या बॅटरीवाल्याकडून लॉरीची जुनी बॅटरी आणली. सीटच्या मागे फणसाच्या फळ्यांचं खोकं करून त्यात बसवली. गाडीची ती थोरली, ही धाकटी. जाड तारेने जोडून टाकल्या, अधिकाला अधिक, उण्याला उणे. झोकात दिसतं.

१० नोव्हें.
झोक उतरला. दुपारभर माइक लावून ठेवला. संध्याकाळी दोघीही बसल्या. धाकटीने स्वतःचं संपवलं आणि थोरलीचंही ओढून घेतलं.
सौ. ओटीवर तांदूळ निवडत होती. मान वर न करता, 'पिण्याच्या कळशीक नि भांडी घासूच्या बालदीक मधी भोक ठेवलात. मगे पिण्याक काय रवतला?'
जेवताना घास हातातच राहिला. भोक तर हवंच, नाहीतर धाकटी भरणार कशी? पण भोकाला बूच हवं. म्हणजे खटका! इंजिन चालू असताना खटका खाली, दोघी भरतील. इंजिन बंद केलं की खटका वर. माइक काय खाईल ते धाकटीचं. थोरलीच्या वाटेला जायचं नाही.

१३ नोव्हें.
खटका बसला. जुन्या मेन स्विचचा, चिनी मातीचा.
नवं संकट. धाकटीची बुचं उघडली तर आत पाणी खाली गेलेलं, पट्ट्या उघड्या. आपल्या विहिरीचं मचूळ. बॅटरीवाल्याने बजावलंय, असलं घातलंत तर मेलीच समजा, वाफेचंच पाणी पाहिजे. त्याच्याकडचं संपलंय. पुढच्या महिन्यात, म्हणतो. जत्रा त्याआधी.
वाफेचं पाणी. त्यात काय एवढं. हंडा आहे, चूल आहे.

१४ नोव्हें.
परसात हंडा चढवला. झाकणाला तांब्याची नळी, सांधे कणकेने लिंपले, नळी गार पाण्याच्या घमेल्यातून बाटलीत. थेंब थेंब यायला लागलं. इतका खूश की शिटी वाजवत होतो.
दुपारी कुंपणावरून हवालदाराचं डोकं. दारूबंदी, आणि माझ्या परसात धूर, नळी, बाटली.
'अण्णा, या वयात?'
'पाणी काढतोय.'
'सगळे हेच सांगतात.'
आत आला. आधी वास घेतला. मग जिभेला लावलं. मग चांगला मोठा घोट. चेहरा पडला. 'याला तर काही चवच नाही!'
सौ. स्वैपाकघरातून, 'मीठ घालून देव काय?'
तो गेला तसा शेजारचा बाबू टॉवेलाखाली रिकामी बाटली घेऊन हजर. शपथा घेतल्या, ऐकेना. दिलं पाणी. संध्याकाळी गात घरी गेला म्हणे.

१६ नोव्हें.
धाकटीला पाणी पुरलं. गाडी बांद्यापर्यंत फिरवून दोघी भरल्या. खटका वर. दुपारभर माइक. संध्याकाळी देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. पहिल्या दमात लागली! सौ.ने नारळ फोडला, मला वाटलं माझ्यासाठी. सोलकढीसाठी होता.

१७ नोव्हें.
आबाला देवळापुढे आणलं. दिवसाउजेडी, रिकामं पटांगण. मी पार मागे, वडाखाली. त्याने हळूच राजाची एक ओळ म्हटली. शब्द न् शब्द माझ्यापर्यंत आला. अंगावर काटा.
आबा माइकच्या कर्ण्याकडे बघत राहिला.
'हो कोण बोलता?'
'तूच.'
'माझो आवाज असो पत्र्याचो?'
मग राजाच्या चालीने चालायला लागला, वळला, आणि आवाज गेला. माइक काठीवर, तिथेच. म्हटलं, 'जाग्यावर उभो रव रे.'
'राजान खुट्याक बांधलेल्या रेड्यासारख्या उभ्या रवाचा? त्यापरीस घराक बसतंय.'
निघून गेला. वळून नाही बघितलं.

१८ नोव्हें.
आबा सकाळच्या एस.टी.ने आरोंद्याला, बहिणीकडे. मालक येऊन गेले. 'जत्रेआधी होय-नाय सांगूक सांगा. नायतर नवो राजा उभो करतंय.'
रेड्यासारखा उभा. दिवसभर डोक्यात तेच. माणूस बांधायचा नाही, मग माइकच...

१९ नोव्हें.
माइक वरून टांगला! मांडवाच्या आडव्या वाशाला, राजा बसतो त्या बाकाच्या बरोबर डोक्यावर. आधी कर्णा शिटी मारायला लागला. कर्णा पुढे लोकांकडे नेला, शिटी थांबली. सौ.ला वडाखाली उभं केलं आणि मीच राजा होऊन चाललो, वळलो, बाकावर बसलो.
'ऐकाक येता!' ती तिथून ओरडली. 'पण तुमी राजे काय शोभणास नाय.'
ते मलाही ठाऊक आहे. आरोंद्याला कार्ड टाकलं. काय लिहिलं ते इथे उतरवून ठेवतो :

'आबा, बहिणीचं अंग कसं आहे? भाच्याचा खोकला? तुझा घसा? माइक वर टांगलाय, तू खाली मोकळा. चाल, वळ, बस, तुला येतं तसं. आवाज पत्र्याचा आहे, नाही म्हणत नाही. पण वडाखाली उभं राहून ऐकलं, पत्र्यातून आलास तरी तूच होतास. दोन्ही बॅटऱ्या भरून ठेवल्यात, खटका वर आहे. थोरली गाडी ओढील. धाकटीला तुझ्याशिवाय दुसरं काम नाही. होय म्हण की नाही म्हण, पण दोन ओळी लवकर टाक.'